वाघमारे सरांची मधली पायरी

आमच्या कॉलेजात गणिताच्या वाघमारे सरांनी वीसपैकी चौदाच्या वर कुणाला मार्क दिल्याचं कुणी पाहिलेलं नाही. उत्तर बरोबर असलं तरी ते पेपरवर लाल गोल काढायचे आणि पोराला समोर उभं करायचे. "मधली पायरी कुठंय? चावून खाल्ली?"

ही सवय वर्गापुरती असती तर ठीक होतं. मी मराठी शिकवतो. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी. एकदा मी सहज म्हणालो, "दिंद्रुडला मुलगी पाहायला गेलो आणि लग्न ठरलं." सरांनी चष्मा काढला. "गेलतात, आन् ठरलं? मधी काय झालं?" अर्ध्या तासात त्यांनी माझ्याकडून पोह्यातल्या जास्तीच्या मिठापासून मामाच्या रुसव्यापर्यंत सगळं वदवून घेतलं.

सर एकटेच राहायचे. वहिनी कशानं गेल्या, असं मी एकदा विचारलं. "ताप आला. गेली," म्हणाले आणि पेपर तपासायला लागले. मधलं विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मार्कांच्या धाकानं पोरं गणित सोडून दुसरे विषय घ्यायला लागली. प्राचार्यांनी सरांना बोलावलं. मीही तिथं सहीसाठी उभा होतो.

"सर, बाकीचे अठरा-एकोणीस देतात. तुम्ही जरा हात सैल सोडा. नाहीतर विषय बंद होईल."

"हात सैल सोडला तर पोरं पडतील, सर," वाघमारे सर म्हणाले.

या वर्षी गणिताच्या शेवटच्या वर्षाला एकच नाव उरलं, सविता. आई-बाप ऊसतोडीला जाणारे. सर तिच्या एकटीची हजेरी घ्यायचे, तीही पूर्ण नावानं. पहिल्या चाचणीत तिला चौदा पडले तेव्हा तिनं स्टाफरूममध्ये गूळ-शेंगदाणे वाटले. "लई झाले, सर!" सर शेंगदाणे चावत पुटपुटले, "पंधराचीच होती. घाई केली पोरीनं."

दिवाळीनंतर तिची आई आजारी पडली आणि तिच्या जागी सविताला तोडीवर जावं लागलं. वर्गात कुणी उरलं नाही. तरी अकराची घंटा झाली की सर खडू आणि हजेरीपट घेऊन निघायचे. आम्हाला वाटायचं, वाचत बसत असतील.

एक दिवस व्हरांड्यातून जाताना मी आत डोकावलो. फळा या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलेला. सर रिकाम्या बाकांकडं तोंड करून उभे होते. काहीतरी विचारून उत्तराची वाट बघावी तसे.

माझा तास नव्हता. मी जाऊन पहिल्या बाकावर बसलो.

"उशीर झाला," सर म्हणाले. सगळा फळा पुसला आणि पहिल्यापासून सुरू केलं. चांगली चाळीस मिनिटं. माझ्या डोक्यात अक्षरही शिरलं नाही, पण मान हलवत राहिलो.

घंटा झाली. सरांनी हात झटकले.

"समजलं?"

"समजलं, सर."

ते माझ्याकडं बघत राहिले.

"न्हाई समजलं तुमाला," हळूच म्हणाले. "उद्या या. परत घेतो."