तणसामागचा खुनी

मूकपटाला लागतं काय? एक मोबाईल, एक विहीर आणि तोंड बंद ठेवणारी माणसं! असं कामिनीबाईंनी अख्ख्या अड्याळला ऐकवून ठेवलं होतं.

कारण घरातच होतं. त्यांचे आनंदराव म्हणजे झाडीपट्टीच्या नाटकांतले नामी खलनायक. ते हसले की पुढे बसलेली पोरं आईच्या पदरात शिरायची. पण गळ्याचं ऑपरेशन झालं, आवाज गेला, आणि नाटक मंडळाने हळूच दुसरा खलनायक शोधला. तेव्हापासून हा माणूस ओसरीवर पडून असे, मंडईची जत्रा संपल्यावर गुंडाळून ठेवलेल्या नाटकाच्या पडद्यासारखा.

अशात साकोलीला मूकपटांची स्पर्धा निघाली. आवाजच नको! कामिनीबाईंनी मंडळाचं जुनं खुनाचं नाटक निवडलं, 'विहिरीतला वारसदार'. बहिणीच्या पोरीच्या, प्रेरणाच्या हाती मोबाईल दिला आणि घरामागच्या विहिरीपाशी सगळ्यांना उभं केलं.

"चालू!" प्रेरणा ओरडली.

आनंदरावांनी डोळे वटारले. काय वटारले! विहिरीवरचा कावळा उडाला. पण ज्याचा खून व्हायचा, तो डोमा खांबासारखा उभा.

"डोमाभाऊ, घाबरा ना!"

"कसा घाबरू वहिनी? मांगून कोणी सांगूनच नाही राहिलं."

"अहो, बोलाचंच नाही आहे!"

"ते समजलं. पण मरू कवा?"

घ्या! मागून प्रॉम्प्टरने वाक्य सांगितल्याशिवाय या माणसाचे हातपायच हलत नव्हते. शेवटी मंडळाचे प्रॉम्प्टर यादोराव यांना बोलावून तणसाच्या, म्हणजे गायीसाठी रचलेल्या भाताच्या पेंढ्याच्या ढिगामागे बसवलं. चित्रणातला आवाज तर नंतर काढूनच टाकायचा होता.

यादोरावांचा जन्म पडद्यामागे कुजबुजण्यात गेलेला. आज मोकळं रान! "वारसदारा, तुझा गळा घोटतो!" अशी गर्जना उठली की बाजाराला निघालेली माणसं फाटकातून आत घुसली. कोणी म्हणालं नाही, खून होऊन राहिला. सगळे म्हणाले, "अरे, नाटक होऊन राहिलं!" आणि रिकाम्या पिशव्या अंथरून बसलेसुद्धा!

डोमा मेला. टाळ्या! "वन्स मोर!" डोमा उठला, पुन्हा मेला.

"उठू नका हो, डोमाभाऊ!"

"पब्लिकचा मान ठेवा लागते, वहिनी!"

तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, "आनंदराव, ते हासणं होऊन जाऊ द्या!"

आनंदरावांनी मान मागे टाकली, तोंड उघडलं, खांदे गदगदले. आवाज नाही. आणि तणसामागून यादोराव त्यांच्या वाटचं हसले, खदाखदा! टाळ्यांनी विहीर घुमली. आनंदरावांची छाती वीतभर पुढे आली.

"टाळ्या कायले वाजवता? शूटिंग होऊन राहिली!" कामिनीबाई खेकसल्या, आणि पदराने नाक पुसत गोठ्याकडे गेल्या.

साकोलीला मोठ्या पडद्यावर मूकपट लागला, तेव्हा त्यांना घाम फुटला. प्रत्येक प्रसंगात तणसाच्या ढिगावरून यादोरावांचं डोकं! दात खाताहेत, डोळे फिरवताहेत, ओठ हलवताहेत.

"प्रेरणा! हे तुले दिसलं नाही?"

"मावशी, एवढ्याशा मोबाईलवर मले ते बोकड वाटलं!"

परीक्षक मात्र भारावलेले. "खून करणारा एक, आणि तणसामागे लपून तो करवून घेणारा खरा खुनी दुसराच! काय कल्पना! उत्कृष्ट अभिनयाचं बक्षीस, यादोराव!"

यादोराव स्टेजवर गेले. हातात माईक दिला, पण तोंडातून शब्द फुटेना. त्यांना मागून सांगणारं कोण होतं?

त्या दिवसापासून आनंदराव यादोरावांशी बोलत नाहीत. तसे ते कोणाशीच बोलू शकत नाहीत, पण हे न बोलणं वेगळं! ओसरी सुटली. सकाळी उठले की आरशासमोर डोळे वटारण्याचा सराव. कामिनीबाई चहा घेऊन गेल्या, तर त्यांनी पाटी पुढे केली. तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : 'पुढचा सिनेमा कवा? आणि तो ढीग आधी हटव!'

आता बाकी कोणाचं काही होवो, गायीची चंगळ आहे. तिला हल्ली दुप्पट चारा मिळतो.