खाजणात नाचली घोडी

बेंजो वाजायला लागला आणि पदू भावजीची घोडी गुडघाभर चिखलात नाचायला लागली.

दोरीच्या एका टोकाला रानटी बैल होता. फास त्याच्या शिंगांत बसला होता. दुसरं टोक भावजीनं स्वतःच्या कमरेला बांधलं होतं, आणि भावजी घोडीवर. बैल खाडीकडे ओढत होता, भरतीचं पाणी खाजणाच्या दलदलीत चढत होतं, आणि घोडी एकेक पाय उचलून हळदीच्या गाण्यावर ठेका धरत होती. मी बांधावर उभी.

"वैनी, तो बेंजो बंद कर!" भावजी ओरडला.

जसा काही मीच वाजवत होते.

पदू भावजी माझ्या नवऱ्याचा चुलत भाऊ. आमचं गाव नायगावच्या खाडीला लागून. भावजीच्या शेतावर आता टॉवर आहे आणि त्याच टॉवरमध्ये सातव्या मजल्यावर तो एकटा राहतो. कोणी पाहुणा आला की फरशीकडे बोट करून सांगतो, "इथं खाली, सरळ खाली, आमची वांगी होती." मुलगा आणि सून पुण्याला. घोडी माझ्या पडवीत, कारण ती लिफ्टमध्ये मावत नाही. मावली असती तर त्यानं नेली असती.

घोडीचं नाव सूनबाई. ती लग्नाची घोडी. वाजंत्री ऐकली की जागेवर नाचायची, पुढे चालायचीच नाही. नवरदेवांचे मुहूर्त चुकायला लागले तेव्हा मालकानं तिला काढून टाकलं आणि भावजीनं घरी आणलं. "सूनबाई, लाथ मारू नको," असं त्याचं चाललेलं ऐकून टॉवरच्या बायका एकमेकींकडे बघायच्या. मी म्हटलं, "अरे, खऱ्या सुनेला कळलं तर?"

"खरी फोन उचलत नाय," तो म्हणाला. "ही हाक मारली की कान तरी टवकारते."

घोडी त्यानं हौसेनं आणली नव्हती. जमिनी विकल्या तेव्हा लोकांनी जनावरं खाजणात सोडून दिली. तिथं त्यांची वासरं झाली आणि ती पार रानटी झाली. माणूस दिसला की पळतात, नाहीतर अंगावर येतात. घोडी जवळ गेली तर मात्र हलत नाहीत, आपल्यातलीच समजत असावीत. म्हणून घोडी. एखादं जनावर लंगडत असलं, पायात तार अडकली असली, की भावजी घोडीवरून जाणार, फास टाकून धरणार, औषध लावणार, शिव्या देणार आणि सोडून देणार.

फास टाकायची तालीम टॉवरच्या पार्किंगमध्ये. आधी पाण्याचा पिंप, मग वॉचमनची खुर्ची, मग खुर्चीत बसलेला वॉचमन. एकदा सेक्रेटरीच्या स्कूटरचा आरसा उडाला. त्यानं जाब विचारला तर भावजी म्हणतो, "साहेब, तुमची स्कूटर हलली." उभी केलेली स्कूटर! वर मला सांगतो, "जनावराशी खोटं बोलायचं नाय, वैनी. मानसाशी चालतं."

एक बैल मात्र त्याच्या फासात सापडत नव्हता. पांढरा, भावजीच्याच गोठ्यातला. वासरू असताना सोडला तेव्हा गळ्यातलं दावं गळ्यातच राहिलं. वासराचा बैल झाला, दावं होतं तेवढंच. आता ते मांसात रुतलं होतं. बैल चरताना घोरल्यासारखा श्वास घ्यायचा, बांधापर्यंत ऐकू यायचा. "लवकर नाय कापलं तर जातोय तो," भावजी सांगायचा. फास शिंगांतच पडायला हवा होता. गळ्यात पडला असता तर खेळ तिथंच खलास. म्हणून रोज जायचा आणि रोज चिखलानं माखून, हात हलवत परत यायचा. मी त्याच्या अंगावर बादलीभर पाणी ओतायचे आणि चहा द्यायचे.

त्या दिवशी फास शिंगांत बसला. आता दोरी खोगीराला बांधायची, तर खोगीर लग्नाचं, मखमल आणि आरसे लावलेलं. ते फाटेल म्हणून या शहाण्यानं दोरी स्वतःच्या कमरेला बांधली होती. आणि तेवढ्यात टॉवरच्या आवारात कोणाच्या तरी हळदीचा बेंजो सुरू झाला.

मी पळाले. माझे गुडघे कधीचे गेलेत, तरी पळाले. मांडवात शिरले आणि ओरडले, "बंद करा! मानूस मेलं!"

बेंजो थांबला. नवरीची आत्या हळदीनं भरलेले हात तसेच धरून पुढे आली. "कोन मेलं गं?"

"अजून ठरलं नाय," म्हटलं. "पन वाजवू नका." आणि मागं फिरले.

बांधावर येऊन बघते तर घोडी थांबली होती. वरातीत वाजंत्री थांबली की काम संपलं, घरी जायचं, एवढं तिला पक्कं ठाऊक. तिनं तोंड वळवलं आणि माझ्या पडवीची वाट धरली. भावजीनं तिच्या मानेला मिठी मारली. पुढे घोडी, मागे बैल, मधे भावजी वाळत घातलेल्या धोतरासारखा ताणलेला. पाणी बैलाच्या पोटाला लागलं होतं. तोही दमला होता, त्यालाही बाहेर यायचंच होतं. चिखलातून एकेक पाय उपसत तो बांधावर आला आणि त्यानं बसकण मारली.

भावजी घोडीवरून खाली पडला तो उठून सरळ बैलाच्या गळ्याशी. बैल फुसफुसत होता, पण शिंग उगारायची ताकद उरली नव्हती. भावजीनं खिशातली सुरी काढून दावं कापलं, हळूहळू मांसातून सोडवलं. काथ्याच्या पिळात हिरव्या लुगड्याची पट्टी होती. मी ओळखली. यमुना, भावजीची बायको, अशीच दावी वळायची, जनावराला काथ्या टोचू नये म्हणून. जमीन गेली त्याच वर्षी ती गेली.

"सगळ्यांची दावी सोडलीस ना तू?" मी विचारलं. "हेच कसं विसरलास?"

"विसरलो नाय, वैनी." तो जखम पुसत होता, वर बघत नव्हता. "तिनं बांधलेली शेवटची गाठ होती. सोडायला गेलो तर बोटं चालंनात. म्हटलं, राहू दे."

"हळद आणते," म्हटलं. मांडवातूनच आणली, कालवून तयार होती. भावजीनं ती बैलाच्या गळाभर लावली. त्यानं घाई केली नाही. उन्हं कलली तेव्हा बैल उठला, मान इकडे वळवली, तिकडे वळवली, आणि खाजणात निघून गेला.

भावजीची कंबर धरली ती अजून सुटली नाही. पण बैल वाचला, घोडी वाचली आणि भावजीही वाचला.