त्रेसष्ट फुटांची विहीर

गंगापूर रोडवर सोमनाथ सरांचा इंग्रजीचा क्लास आहे. दारावर पाटी: 'प्रत्येक फ्रेजल व्हर्ब अर्थासह, उगमासह!' चौदा वर्षांत "माहीत नाही" हे शब्द या माणसाच्या तोंडून एकदाही निघाले नव्हते. निघाले तर अ‍ॅडमिशन निम्म्यावर येतील, अशी त्यांची पक्की समजूत होती.

मग जूनमध्ये आरोही आली. ही मुलगी रोज विचारायची, "सर, हे आलं कुठून?" आणि उत्तर तारीख घालून वहीत उतरवायची. वहीत तीन रकाने आखलेले: अर्थ, उगम, वाक्यात उपयोग. इतकं मन लावून शिकणारं पोर सरांनी आजवर पाहिलं नव्हतं, म्हणूनच त्यांना संशय आला. त्यात एकदा ती पलीकडच्या गल्लीतल्या दुसऱ्या क्लासच्या फाटकाशी वही उघडून उभी दिसली. झालं.

"हेर आहे ती," सर बायकोला म्हणाले.

"अहो, दहावीतली पोर आहे," पूजाताई म्हणाल्या.

"हेर असेच दिसतात."

दुसऱ्या दिवशी सरांनी सापळा लावला. फळ्यावर लिहिलं, गिव्ह अप. अर्थ: हार मानणे. एवढं खरं होतं. पुढचं सगळं त्यांनी सकाळी दाढी करता करता रचलं होतं.

"इंग्लंडमधलं एक खेडं. विहीर खोदणारा त्रेसष्ट फूट खाली गेला, तरी पाणी नाही. शेवटी त्याने टिकाव दोराला बांधून वर दिला. वर दिला, म्हणजे गिव्ह अप."

वर्ग थक्क झाला. घटकाभर सरांनाही ते खरंच वाटलं. त्रेसष्ट ही त्यांची खूण होती. हा आकडा पलीकडच्या क्लासात निघाला की चोर सापडला. या नादात वाक्यात उपयोग सांगायचा मात्र राहिला, आणि आरोहीचा तिसरा रकाना रिकामाच राहिला.

क्लास सुटल्यावर सर तिच्या मागे निघाले, कधी रसवंतीच्या आडून, कधी लोकांच्या गाड्यांच्या आडून. आरोही त्याच फाटकाशी थांबली, वही उघडली आणि खणखणीत आवाजात वाचू लागली, "त्रेसष्ट फूट खाली गेला, तरी पाणी नाही. शेवटी त्याने टिकाव दोराला बांधून वर दिला..."

"सापडलीस," म्हणत सर पुढे झाले.

तिथला क्लासही नुकताच सुटत होता. पंचवीस-तीस पोरं गोळा झाली. खुद्द तिथले सर खिडकीतून डोकावले.

फाटकाजवळच्या खुर्चीवरून खाकी कपड्यातला एक म्हातारा उठला आणि त्याने हात जोडले. "या गुर्जी. मी पुंजाराम, हिचा आजा. हितं वॉचमन हाय. तुमी शिकवता ते ही रोज मला वाचून दावती. आजचं ह्ये ऐकून तर म्या सोताच तुमच्याकडं येनार व्हतो."

"माझ्याकडे? कशाला?" सर संशयाने म्हणाले.

"एक इचारायचं व्हतं. इगतपुरीकडं चाळीस वर्सं विहिरी खोदल्या म्या. तीस फुटांखाली नुसता काळा पाषाण. तिथं टिकाव चालत नाय, सुरुंग लागतो. आन् खालचा मानूस कधी बास म्हनत नाय, गुर्जी. त्याला वाटतं, अजून हातभर. बास म्हनतो त्यो वर उभा ऱ्हायलेला मालक. मग त्या इंग्रजानं टिकाव वर दिला कशापायी?"

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर कुचेष्टेचा मागमूस नव्हता. त्याला खरंच कळून घ्यायचं होतं. इंग्लंडचा खडक मऊ असतो, असं सांगायला सरांनी तोंड उघडलं. पण जोडलेले हात अजून तसेच होते, आणि सरांना स्वतःची लाज वाटली.

"बाबा," ते म्हणाले, "मला माहीत नाही. ती विहीर मी रचली."

खिडकीतलं डोकं समाधानाने आत गेलं. पोरं पांगली. आरोहीने पेन काढलं आणि वहीच्या तिसऱ्या रकान्यात काहीतरी लिहिलं.

"काय लिवलं गं?" पुंजारामने विचारलं.

"काही नाही आबा. वाक्यात उपयोग राहिला होता."

सरांनी वाकून पाहिलं नाही. त्या वाक्यात नाव कुणाचं असणार, याबद्दल या खेपेस त्यांना काडीचाही संशय नव्हता.