करंगळीचं माहेर

गिटार वाजवणाऱ्याची बोटं वर्षातून एकदा माहेरी जातात. डाव्या हाताची जातात. उजव्या हाताच्या बोटांना तेवढी सवड मिळत नाही. आमच्या मिरजेत हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्याबद्दल कुणी विशेष बोलत नाही. सतारवाल्यांच्या घरी हा प्रकार नसतो. त्यांची बोटं एकाच घरात जन्मतात, तिथेच वाढतात आणि तिथेच म्हातारी होतात. गिटारवाल्यांनी मात्र एक बोट इथून आणलेलं असतं, एक तिथून, आणि ज्याच्या घरची लेक आणली त्याला तिला चार दिवस न्यायचा हक्क असतोच.

माझे यजमान भास्कर भोकरे ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतात. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला घरातलं बाकी काही शिकवलं नाही, पण बोटांची पाठवणी शिकवली. बोटाला तेल लावायचं, हळदीचा दोरा बांधायचा, चार अक्षता टाकायच्या आणि खणाच्या तुकड्यात गुंडाळून द्यायचं. दुखत नाही. अंगठी निघावी तसं बोट निघतं आणि मागे गुळगुळीत जागा राहते. पाठवण्याआधी न्यायला आलेल्या मुराळ्याला विचारायचं, तुम्ही कुणाकडचे? त्याने नाव सांगितलं की पाणी द्यायचं. उंबऱ्यावर त्याने "येतो" म्हणायचं, आपण "या" म्हणायचं. "येतो" म्हटलं की बोट परत येतं. सासूबाई म्हणायच्या, बाकी काही चुकलं तरी चालेल, एवढं चुकू देऊ नकोस.

तर्जनी चर्चची. हे लहान असताना दर रविवारी चर्चच्या खिडकीखाली उभे राहून प्रार्थनेची गाणी ऐकायचे, तिथून ती आली. सरळ, शिस्तीची, सहाच्या सहा तारा एकदम दाबून धरणारी. तिला न्यायला नाताळानंतर रूथमावशी येतात. मधली बेंजो पार्टीची. गणपतीच्या मिरवणुकीत ह्यांनी तिला पाहिलं आणि घरी आणलं. ती एका जागी ठरत नाही. विसर्जन झालं की बंडू बेंजोवाला मोटारसायकलवर येतो आणि तिला शर्टाच्या खिशात घालून नेतो. अनामिका सतारमेकरांच्या गल्लीतली. तिच्यामुळे ह्यांच्या तारेला जवारी येते, म्हणजे सूर लागल्यावर मागे जी गोड झिणझिण राहते ती. निजामचाचा तिला नेतात आणि आणून सोडतात. परत आली की आठवडाभर जरा चढेल असते. माहेराहून आल्यावर मीही असायचे, म्हणून मी काही बोलत नाही.

राहिली करंगळी.

करंगळीला न्यायला कधी कुणी आलं नाही. हे छाती फुगवून सांगायचे, "करंगळी घरची. ती मी कुणाकडून आणलेली नाही. माझी स्वतःची." आणि खरं सांगायचं तर लोक तिच्यासाठीच येत. गाणं संपत आलं की ह्यांची करंगळी तारेला हळूच एक टिचकी मारायची, आणि विझत आलेला सूर थरथरून एकदा मागे वळायचा. निघालेलं माणूस दारातून परत वळून काहीतरी सांगतं ना, तसा. बाकी सगळं वाजवणारे पुष्कळ असतील, पण ही टिचकी दुसऱ्या कुणाकडे नव्हती.

दिवाळीच्या तोंडावर आमच्या गल्लीत एक म्हातारा कल्हईवाला यायचा. आता तांब्यापितळेची भांडी कोण वापरतंय? तरी तो दर वर्षी फाटकाशी उभा राहून विचारायचा, "काही आहे का?" आणि हे आतूनच सांगायचे, "नाही हो बाबा, तुमचं काही नाही इथं." तो हातातल्या तांब्यावर नखाने टिचकी मारायचा, "येतो" म्हणायचा आणि पुढे जायचा.

गेल्या वर्षी दिवाळी झाली आणि करंगळीचं लक्ष उडालं. हे जेवायला बसले की चार बोटं पाण्याचं भांडं धरायची आणि ती बाजूला उभी राहायची. टेबलावर कसला तरी ताल धरायची, तो आमच्या घरातला नव्हता. मी हात लावून पाहिलं तर बर्फासारखी गार. बाकीच्या तिघी तिच्यापासून किंचित सरकून बसायला लागल्या होत्या. मला भीती वाटली. ह्यांना माझ्याहून जास्त वाटत होती, पण हे म्हणाले, "हवेने होतं तसं."

मग एका दुपारी गडहिंग्लजचे नलवडे आले. बरोबर त्यांच्या पत्नी, हातात नारळ आणि पेढ्यांचा डबा. बसल्यावर नलवडे म्हणाले, "आम्ही करंगळीसाठी आलोय."

ह्यांनी हात मांडीखाली घातला. "तुमचं घर चुकलं. तिला माहेर नाही."

"माहेर हेच की," नलवडे म्हणाले. "आम्ही सासरकडचे."

त्यांची मुलगी तेजल गिटार वाजवते. दोन वर्षांपूर्वी तिने ह्यांचा कार्यक्रम ऐकला, मग मोबाइलवर मिळेल ते ऐकलं. आता गाणं संपत आलं की तिचा हात आपोआप ती टिचकी मारायला जातो, पण तिथे हवी ती करंगळी नसल्याने नुसता अडखळतो.

"हात बसत आलाय तिचा," नलवडेबाई म्हणाल्या. "मुलगी उपाशी असल्यासारखी हिंडते हो. फार ताटकळत ठेवू नये म्हणून आलो."

"पण पसंती कधी झाली?" मी विचारलं. "आम्हाला कुणी विचारलं नाही."

"तिने ऐकलं तेव्हाच झाली," नलवडे म्हणाले. "यात दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना विचारायची पद्धत नाही. तुम्ही तरी बाकीची आणताना विचारलं होतं का?"

हे म्हणाले, "नाही पाठवलं तर?"

नलवडे जराही रागावले नाहीत. "तुमची इच्छा. सांगलीत एकाने नाही पाठवली. त्याच्याच हातावर वाळली, चिंचेच्या काडीसारखी. आणि मग बाकीच्या माहेरी गेल्या त्या परत आल्या नाहीत. जे घर आपली लेक पाठवत नाही, त्या घरी दुसरे कशाला पाठवतील? रीत आहे ती. आम्ही केलेली नाही."

हे उठून आत गेले. मी मागोमाग गेले. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून हे आपल्या हाताकडे बघत होते.

"तर्जनी चर्चची," हे म्हणाले. "मधली बेंजोवाल्यांची. अनामिका चाचांची. अंगठा नुसता मागे उभा राहून धरणारा. ही गेली तर यात भास्कर कुठला, शैला?"

ह्यांना इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, ह्यांचे वडील गेले तेव्हाही नाही. मी म्हटलं, "लेक सासरी गेली म्हणून परकी होत नाही. वर्षातून एकदा तुम्हीच मुराळी होऊन जा आणि घेऊन या." बोलताना माझाच माझ्यावर विश्वास नव्हता, पण ह्यांनी मान हलवली.

मी तेल लावलं, दोरा बांधला. खण नवा काढला. करंगळी निघताना माझ्या तळहातावर क्षणभर थरथरली. नलवडेबाईंनी तिला डब्यात पेढ्यांच्या शेजारी ठेवलं. उंबऱ्यापाशी नलवड्यांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "चला, जातो आम्ही."

आमच्या उंबऱ्यावर तो शब्द कधी कुणी उच्चारला नव्हता.

"येतो म्हणा," मी म्हटलं.

"हो हो, तेच ते. एसटी चुकेल. जातो." आणि ते पायऱ्या उतरले.

वर्षभर हे तीन बोटांनी वाजवत होते. चुकत काहीच नव्हतं. गाणं सुरू व्हायचं, नीट चालायचं आणि संपायचं. लोक टाळ्या वाजवण्याआधी जरा थांबायचे, अजून काहीतरी व्हायचं राहिलंय असं वाटून. मग वाजवायचे. मी दिवस मोजत होते.

यंदा दिवाळीआधी हे मुराळी होऊन गडहिंग्लजला गेले. मी बेसनाचे लाडू दिले होते. संध्याकाळी परत आले तेव्हा लाडवांचा डबा तसाच हातात होता. मी पाणी दिलं आणि ह्यांच्या समोर बसले.

"भेटली?"

"भेटली. चांगली ठेवली आहे. मुलगी वाजवते छान, माझ्याहून छान." हे थोडा वेळ डब्याच्या झाकणाशी चाळा करत राहिले. "मी म्हटलं, करंगळीला न्यायला आलोय. तर ती हसली. म्हणाली, काका, तुमचा काहीतरी घोटाळा झालाय. हिला माहेर नाही. ही माझी स्वतःची आहे."

"आणि तिचे आईवडील?"

"तेही तिथेच होते. चहा घ्या म्हणाले."

"मग तुम्ही काय बोललात?"

"काय बोलणार? इतकी वर्षं मीही तेच म्हणत होतो."

त्यानंतर दोन-तीन दिवसांनीच सकाळी फाटक वाजलं. कल्हईवाला. पाठ आणखी वाकली होती. त्याने नेहमीचं विचारलं, "काही आहे का?" हे उत्तर द्यायला ओसरीवर आले, पण त्याआधीच त्याने हातातल्या तांब्यावर टिचकी मारली.

ठण् असा आवाज झाला, विझत आला, आणि विझता विझता थरथरून एकदा मागे वळला.

माझ्या हातातलं सूप खाली पडलं. ह्यांनी डावा हात पाठीमागे लपवला. इतक्या वर्षांत जे विचारायचं राहून गेलं होतं, ते मी विचारलं. "बाबा, तुम्ही कुणाकडचे?"

"करंगळीकडचा," तो म्हणाला. "हे एवढेसे होते तेव्हा माझ्या भट्टीपुढे बसून राहायचे. कल्हई केलेलं भांडं मी वाजवून बघायचो, ते ह्यांना फार आवडायचं. तिथूनच नेली ती. मी दर साली न्यायला येतो. हे म्हणतात, तुमचं काही नाही इथं. मी म्हणतो, नसेल पाठवायचं या साली. सासरच्यांची काही अडचण असते."

ह्यांचा चेहरा पांढरा पडला होता. पण सांगणं भाग होतं. "बाबा, ती इथे नाही. आम्ही तिला दिली. गडहिंग्लजला."

"माझी लेक तुम्ही दिली?"

"आम्हाला वाटलं, घरची आहे."

"मग आणायला गेला होता का?"

"गेलो होतो," हे म्हणाले. "ते म्हणतात, तिला माहेर नाही."

म्हातारा रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने पाणी मागितलं, मी दिलं. तो ते सावकाश प्यायला. मी उंबऱ्यावर उभी राहून त्याच्या "येतो"ची वाट बघत होते, कारण तेवढं म्हटलं असतं तरी पुढचं वर्ष हातात राहिलं असतं. त्याने तांब्या पायरीवर पालथा घातला, त्याच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "थांबतो."

तो अजून बसलेला आहे. सकाळी चहा देते, दुपारी भाकरी देते. त्रास काही नाही. अधूनमधून तांब्यावर टिचकी मारतो, तेव्हा घरात हे जिथे असतील तिथे थांबतात.

नाताळ होऊन गेला म्हणून काल रूथमावशी तर्जनीला न्यायला आल्या. पायरीवर बसलेला म्हातारा त्यांनी पाहिला. त्याच्याशी काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. आत आल्या, नेहमीसारखं पाणी प्यायल्या, ह्यांच्या तब्येतीची चौकशी केली. मी तर्जनीला तेल लावलं, दोरा बांधला, खणात गुंडाळून त्यांच्या हातात दिलं. मावशींनी ते पर्समध्ये ठेवलं आणि पर्सची चेन दोनदा ओढून पाहिली. उंबऱ्यावर त्या जरा थांबल्या. माझ्याकडे न बघता माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"जाते गं, शैला," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "या." सासूबाईंनी तेवढंच शिकवलं होतं.