ज्वालामुखीवरचा गुळव्या

शर्यत सुरू झाल्याबरोबर गाडी शांतपणे कडेला लावून उभा राहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. गुंडूतात्या. रोज शर्यत खेळायचा आणि रोज आठवा यायचा. गाड्या आठच होत्या.

दोन हजार सालच्या आसपास राजारामपुरीतल्या एका बोळात माझं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. चार टीव्ही, चार मशीन. सगळा माल सेकंडहँड, समोरच्याला घाम फुटेपर्यंत घासाघीस करून आणलेला. कोपऱ्यातल्या टीव्हीवर छोट्या गाड्यांच्या शर्यतीचा गेम होता आणि त्यात एक रस्ता ज्वालामुखीचा होता. काळ्या खडकांतून वळणं घेत जाणारी वाट, दोन्ही बाजूंना उकळणारा लाल-पिवळा लाव्हा. त्याला मोठेमोठे बुडबुडे यायचे आणि फुटायचे.

तात्या मागच्या इमारतीत मुलाकडे राहायला आला होता. पहिल्यांदा तो दुकानात आला तो भांडायलाच, पोरांच्या आरडाओरड्यानं दुपारची झोप होत नाही म्हणून. पण त्याची नजर कोपऱ्यातल्या टीव्हीवर गेली आणि भांडण तोंडातच राहिलं. जवळ जाऊन त्यानं लाव्हा निरखला आणि खेळणाऱ्या पोराला म्हणाला, "आरं, जाळ कमी कर की. पाक करपाय लागलाय."

तात्या चाळीस वर्षं गुळव्या होता. गुऱ्हाळात उसाचा रस काहिलीत उकळत असतो, तेव्हा नुसत्या बुडबुड्यांकडे बघून गूळ कधी उतरवायचा ते ठरवणारा माणूस म्हणजे गुळव्या. काहिलीपाशी त्याच्यापुढं मालकाचंही चालत नाही. पण राधानगरीच्या वाटेवरचं त्याचं गुऱ्हाळ बंद पडलं, ऊस कारखान्याला जायला लागला आणि तात्या शहरात आला.

मी त्याला बघताक्षणी ओळखलं. मी तापट आहे; कोल्हापुरात ही काही वेगळी ओळख नव्हे. पण माझा राग टिकतो. गेमच्या धंद्याआधी मी गूळ विकायचो. एका हॉटेलवाल्याशी सौदा जमत आला होता. "गुंडू गुळव्याच्या हातचा माल आहे," असं मी छातीवर हात ठेवून सांगत होतो आणि नेमका हा बाबा तिथं चहा पीत बसलेला. उठला, ढेपेचा तुकडा मोडला, चावला आणि थुंकला. म्हणाला, "ह्यो माझ्या हातचा न्हवं. ह्यात साखर हाय." चारचौघांत. साखर आहे हे मला ठाऊक नव्हतं, असं मी आजही सांगतो. त्या दिवसानंतर बाजारात मला कुणी दारात उभं केलं नाही आणि माझा गुळाचा धंदा संपला.

त्यानंही मला ओळखलं असणार, कारण पहिल्या दिवसापासून तो मला "व्यापारी" म्हणायचा. मला तो टोमणा वाटायचा. तो खेळायला बसला तेव्हा मी त्याला मुद्दाम तासाचा जादा भाव सांगितला. त्यानं घासाघीस न करता दिला. त्याचाही मला राग आला.

मग रोज दुपारी तात्या यायचा. चपला दाराबाहेर काढायचा, काहिलीपाशी पायताण चालत नाही म्हणून. स्टुलावर मांडी घालायचा, गाडी लाव्ह्याच्या मोठ्या तळ्याकाठी नेऊन लावायचा आणि बघत बसायचा. बाकीच्या सात गाड्या भोवतीनं घूं घूं करत फिरायच्या. मधूनच तो कुरकुरायचा, "रसावरची मळी काढाय कोन न्हाय व्हय हितं?" पोरं विचारायची, "तात्या, उतरला का गूळ?" तात्या मान हलवायचा. "कच्चा हाय आजून."

गाडी का पळवत नाहीस, असं विचारलं तर म्हणायचा, "गुळव्यानं पळायचं नसतं. पळाय मानसं असत्यात." एकदा पोरांनी फारच आग्रह केला म्हणून त्यानं बटण दाबलं आणि गाडी सरळ लाव्ह्यात गेली. गेमनं ती लगेच वर काढून रस्त्यावर ठेवली, पण तात्याचा चेहरा उतरला. "काहिलीत मानूस पडला," एवढंच म्हणून उठला, तो दोन दिवस आला नाही.

पुढं तो गेम जुना झाला. पोरांना नवा हवा होता, आणि कोपरा अडवून बसलेल्या तात्याला उठवायला मला निमित्त हवं होतं. वारणानगरचा एक माणूस मशीन, टीव्ही आणि गेम सगळंच घ्यायला तयार झाला. मी ही बातमी तात्याला अगदी चवीनं सांगितली. वाटलं, आता हातापाया पडेल. तो फक्त म्हणाला, "कवा न्हेनार?" रविवारी, मी सांगितलं. "मग त्येच्या आदी एक आदन काढू दे." आदन म्हणजे काहिलीभर गुळाची एक खेप.

रविवारी तो धुतलेला फेटा बांधून आला. गिऱ्हाईक दारात उभं होतं. तात्यानं गाडी नेहमीच्या जागी लावली. तो खेळताना रोज काहीतरी पुटपुटायचा. मला वाटायचं, शिव्या देतोय. त्या दिवशी मी मागेच उभा होतो म्हणून ऐकू आलं. एकेक गाडी शर्यत संपवून जात होती आणि तात्या म्हणत होता, "म्हादू आला. किसना आला. ईश्वरा, ये बाबा. दगडू, शिवा, पांडबा... आलं समदं." मग त्यानं हातातला कंट्रोलर खाली ठेवला.

"तात्या, ही कोण?"

"माझी मानसं. गुऱ्हाळावरची. त्यातली दोगंच ऱ्हायल्यात आता." मग म्हणाला, "समदी जेवाय बसली की गुळव्यानं उठायचं. गुळव्या मागनं जेवतो."

रोजचा आठवा नंबर असा होता. पण नावं मी मोजली होती, सहाच भरली. "आणि ती पिवळी? पहिली आली ती?"

"ते तुम्ही की."

"मी?"

"समद्यास्नी ढकलून म्होरं जातंय ते. गुऱ्हाळाला व्यापारी नको व्हय?" पडद्याकडे बघतच तो पुढं बोलला, "त्या दिवशी तुमास्नी बाजूला घिऊन सांगाय पायजे हुतं. चारचौघांत बोललो, चुकलं. पर साखर हुती ती हुतीच."

मी दाराकडे गेलो आणि वारणानगरच्या त्या माणसाशी ठरलेला भाव मोडून पुन्हा घासाघीस सुरू केली. असा भाव सांगितला, की तो आधी हसला, मग भडकला आणि मग तडक एसटी स्टँडकडे निघून गेला. सौदा मोडण्यात एवढा आनंद मला पूर्वी कधी झाला नव्हता.

पुढं दुकान कायमचं बंद करेपर्यंत मशीन त्या कोपऱ्यातच राहिलं. मी मात्र रोज दुपारी काहीतरी काम काढून तात्याच्या मागं उभा राहायचो. पिवळी गाडी पहिली आली, की तो मागं न बघता म्हणायचा, "बसा जेवाय, व्यापारी."