स्वल्प आधी

आमच्या बंगळुरातल्या येलहंक्याच्या दत्तमंदिरात आरतीला एक टाळी सगळ्यांच्या आधी पडते. ती वेंकोबाण्णांची. माझे शेजारी, सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले आणि मंदिराच्या भजनी मंडळाचे पंचवीस वर्षांचे तबलजी.

हा ताल बिघडला लॉकडाऊनमध्ये. भजन बंद पडलं, अण्णांचे हात शिवशिवायला लागले. लेकीनं लॅपटॉपवर देशोदेशीच्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा एक गट गाठून दिला. त्यात अण्णांना पोर्तुगालची मारिया भेटली. वय सत्तरीचं, गाणी कोळ्यांची. अण्णांना पोर्तुगीज येईना, तिला मराठी. अण्णांनी तिला इथल्या कन्नडातलं ‘सरी’ शिकवलं, म्हणजे ‘ठीक आहे’. तेवढ्यावर दोघांचं दर रविवारचं गाणं-वाजवणं आजवर निभावलंय.

पंचाईत एकच. इथली थाप नेटवरून तिथं उशिरा पोचायची आणि मारिया अडखळायची. मग अण्णांनी सम यायच्या आधीच सम वाजवायला सुरुवात केली! भिंतीपलीकडून मला गाणं एकीकडं आणि तबला भलतीकडं ऐकू यायचा. शेवटी न राहवून बोललोच.

“अहो, मी इथं वाजवतच नाही की,” अण्णा म्हणाले. “तिथं वाजवतोय. तिथं वेळेवर पोचायचं तर इथनं स्वल्प आधी निघायला नको?”

ही खोड हातात मुरली. मंदिर उघडलं, भजन सुरू झालं, आणि अण्णांची सम भजन गाणाऱ्या बुवांच्या आधी पोचायला लागली. बुवा वैतागले. “अण्णा, ते रविवारचं बंद करा, हात ताळ्यावर येईल. नाहीतर तबला सोडा.”

“सरी,” म्हणाले अण्णा, आणि तबला सोडला! मला असा राग आला की रविवारी तडक त्यांच्या घरी गेलो.

“कुठल्या कोण बाईसाठी मंदिरातली बैठक सोडलीत?”

अण्णांनी मारियानं तिच्या घरी रेकॉर्ड करून पाठवलेलं गाणं लावलं. त्यात तबला तिच्या पावलाला पाऊल लावून चालला होता. मात्रा इकडची तिकडं नाही. मी ओशाळलो.

“नवरा गिटार वाजवायचा तिचा. कोरोनाच्या पहिल्या लाटेत गेला,” अण्णा म्हणाले. “इथं मंदिरात वाजवणारे दहा मिळतील. तिच्या घरात कोण आहे सांगा?”

मी तबला त्यांच्यापुढं सरकवला. चार वाजले, पडद्यावर मारिया आली. गाण्याआधी ती दर वेळी विचारते, “सरी?”

“सरी,” अण्णा म्हणाले. तिनं विचारायच्या स्वल्प आधीच.