थांबायचं विसरलेली घंटा

पाटणच्या हायस्कुलात कपिलने बसवलेली आपोआप वाजणारी घंटा सकाळी अकराला वाजली आणि थांबायचंच विसरली. सलग घंटा म्हणजे शाळा सुटली, असा सोयीचा अर्थ काढून निम्मी पोरं स्टँडपर्यंत पोहोचलीसुद्धा. मुख्याध्यापक नाथाजी सर कानात बोटं घालून दारात उभे. कपिलच्या तोंडचं पाणी पळालं. सांगलीत डिप्लोमा करून त्याने बांधलेलं हे पहिलंच यंत्र, तेही जिथे त्याचा बाप केरू अठ्ठावीस वर्षं शिपाई होता त्या शाळेत.

"आबा, मेन स्विच पाडा की."

"कवाच पाडला असता. पर सर म्हनले, हात लावू नका, शॉक बसंल."

शेवटी कपिलनेच स्विच पाडला. शुक्रवारपर्यंत जमलं नाही तर हा यंत्राचा डबा उचला, असं सरांनी बजावलं. शेजारच्या दोन शाळा याच घंटेकडे डोळे लावून बसल्या होत्या, त्याही गेल्याच म्हणायच्या.

कपिलने घंटा काढून तिथे बल्ब लावला. बल्ब शहाण्यासारखा पाच सेकंद पेटून विझला. घंटा जोडली की पुन्हा पिसाळायची. दोन दिवस डोकं खाजवल्यावर त्याला कळलं. टोल्याबरोबर घंटेत ठिणगी उडे, तिचा झटका तारेतून यंत्राचा मेंदू असलेल्या मायक्रोकंट्रोलरला बसे आणि तो बावचळून पहिल्यापासून सुरू होई. सुरू झाला की एक घंटा द्यायची, ही नाथाजी सरांची हौस. यंत्र जागं झाल्याचं कळायला नको का, म्हणाले होते. घंटा, ठिणगी, पुन्हा घंटा. कपिलने कपाळावर हात मारून घेतला. ठिणगी दाबायला एक कपॅसिटर आणि एक रेझिस्टर बसवला, हौस गुपचूप काढून टाकली.

शुक्रवारी घंटा सेकंदाबरहुकूम वाजली आणि मुकाट थांबली. केरूला कोण अभिमान वाटला. दुपारी सरांचं बापलेकांना बोलावणं आलं.

"अजून बिघाड आहे," सर म्हणाले. "माझा तास चालू असताना मधेच वाजते."

"सर, पंचेचाळीस मिनिटं झाली की वाजते."

"तेच सांगतोय. आजवर असं कधी झालं नाही."

केरू जमिनीकडे बघत होता. बाहेर आल्यावर हळूच म्हणाला, "खिडकीतनं बघून, सरांचं पुस्तक मिटल्याबिगर म्या कवा घंटा दिली न्हाई. तुझ्या डब्याला ते कसं कळायचं, बाळा?"

सोमवारी कपिलने डब्याला लांब वायर जोडली, टोकाला दाबल्यावरच घंटा वाजेल असं बटण लावलं आणि ते आबांच्या हातात दिलं. घंटेत पुन्हा बिघाड झाला नाही. शेजारच्या दोन्ही शाळांनीही आपोआप वाजणारी घंटा मागवली, बटणासकट.